टाच टेकत नाही म्हणून खेळ बंद?

"डॉक्टर, आमचं पोरगं चालत नाही, नाचतं बघा!" आजींनी नातवाची तक्रार अशी मांडली. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीतला. मी आधी त्याच्या चपला पाहिल्या. चवड्याखालचा भाग झिजून पातळ झालेला, टाचेकडचा मात्र जवळजवळ कोरा! न्हाणीतून ओल्या पायाने बाहेर आला की फरशीवर पुढच्या अर्ध्या पावलाचाच ठसा उमटतो, असे आईने सांगितले. शाळेत कवायतीच्या तासाला त्याला "पडशील" म्हणून दप्तरे राखायला बसवतात. हळूहळू संध्याकाळचे खेळणेही सुटले. आईला पायाची काळजी होती. मला मात्र या बसून राहण्याची अधिक वाटली.

चालायला शिकताना बरीच मुले काही दिवस चवड्यांवर चालतात. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत टाच आधी टेकवून चालण्याची सवय लागते. काहींची मात्र जुनीच चाल राहते आणि तपासणीत कोणताही आजार सापडत नाही. स्वीडनमध्ये १,४३६ मुलांची पाहणी झाली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. साडेपाच वर्षांच्या वयात शंभरात सुमारे दोन मुले अशी चालत होती. त्या पाहणीतील चवड्यांवर चालणाऱ्या मुलांपैकी ७९ टक्के मुलांची चाल दहाव्या वर्षापर्यंत आपोआप सुधारली, असे पुढे आढळले. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही.

पण "मोठा झाला की सुटेल" असे म्हणून न तपासता सोडणेही बरोबर नव्हे. एकाच पायाची टाच उचलली जात असेल, आधी नीट चालणारे मूल नंतर चवड्यांवर चालू लागले असेल, पाय ताठ वाटत असतील, तर लगेच दाखवावे. मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत वर चढल्यासारखा उठत असेल आणि पोटऱ्या फुगीर दिसत असतील, तर स्नायूंच्या आजाराची शंका घ्यावी लागते. बोलणे उशिरा आले, हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, अशा मुलांमध्येही ही चाल पुष्कळदा दिसते. ही चाल म्हणजेच तो आजार असे मात्र कोणी समजू नये.

आमच्या या मुलात यातले काही नव्हते. फक्त त्याला उकिडवे बसवले तर टाचा टेकेनात आणि टेकवायला गेला की मागे कलंडे. पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची जाड शीर आखडू लागली की असे होते. मग टाच टेकवण्याची इच्छा असूनही टेकत नाही. अशा मुलाला दिवसभर "टाच टेकव, टाच टेकव" म्हणून टोकत राहण्याने काय साधणार? ते चारचौघांत चालायलाच लाजते.

व्यायाम सोपा आहे, पण एकदा फिजिओथेरपिस्टकडून समक्ष शिकून घ्यावा. मुलाला उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवायचा. टाच आपल्या तळहातात धरून पाऊल हलकेच त्याच्या नडगीच्या दिशेने न्यायचे, तीस अंक मोजेपर्यंत धरायचे, मग सोडायचे. नुसती बोटे दाबू नयेत, त्याने पाऊल मधूनच वाकते. दुखेल इतका जोर नको. याच्या जोडीला गावाजवळच्या टेकडीचा चढ चढणे, वाळूत चालणे, सूर्यनमस्कार, पोहणे हे सारे चालते. चढावर पोटरी आपोआप ताणली जाते आणि मुलाला तो व्यायाम वाटतही नाही. शीर फारच आखडली असेल तर काही आठवडे प्लॅस्टर आणि क्वचित शस्त्रक्रिया लागते. तो निर्णय हाडांच्या डॉक्टरांचा.

जाता जाता वॉकरविषयी. बाळाला आत बसवून फिरवायचे चाकांचे वॉकर बाजारात दिसतात. त्यात बाळ चवड्यांनीच जमीन ढकलते, शिवाय जिन्यावरून, चुलीपाशी अपघात होतात. कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा बरा. त्यामागे मूल स्वतःच्या पावलांवर उभे तरी राहते!

अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांना चाल आवर्जून दाखवावी. पुढे गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

मी शाळेला चिठ्ठी लिहून दिली : याला कवायतीत घ्यावे, लंगडी-खोखो खेळू द्यावे, पडला तर इतर मुलांसारखाच उठेल. आजींनी ती सुनेकडून वाचून घेतली आणि विचारले, "मग पोटरीला तेल चोळायचं की नाही?" चोळा, जरूर चोळा. पण पाऊल वर नेण्याचा व्यायाम सोडून नव्हे, तर तेल लावून झाल्यावर लगेच तो करून घ्या.