शेजार आणि अर्थकारण : मिसिसिपीतील तीन काउंट्या

माझ्या लहानपणची गोष्ट आहे. आमचे गाव आणि ओढ्यापलीकडचे गाव, अशा दोन गावांना मिळून जनावरांचा एक दवाखाना यायचा होता. तो कोणाच्या शिवारात बांधायचा यावरून जे बिनसले, ते दोन पावसाळे बिनसलेलेच राहिले. आमच्याकडचे म्हणत, जनावरे आमच्याकडे जास्त. त्यांच्याकडचे म्हणत, सडक आमच्या बाजूने जाते. शेवटी दवाखाना तिसऱ्याच गावी गेला आणि आजारी म्हैस घेऊन दोन कोस चालणे वडिलांच्या नशिबी आले.

माणसे हट्टी, म्हणून असे झाले, असे मला तेव्हा वाटे. पुढे अर्थशास्त्र शिकवू लागलो तेव्हा ध्यानात आले की, त्या हट्टाखाली एक हिशेबही होता. दवाखाना ज्या गावी जाणार तेथे एस. टी. थांबणार, चार दुकाने निघणार, जागेला भाव येणार. शेजारच्या गावाला यातले काय मिळणार? काहीच नाही. लाभ वाटून घेण्याची रीतच कोणापाशी नव्हती. मग भांडू नका असे दोघांना नुसते सांगून काय उपयोग!

ही गाठ केवळ आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातल्या खेड्यापाड्यांतही ती आहे. ती सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न मिसिसिपी राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात ली, पॉन्टोटॉक आणि युनियन या तीन शेजारी काउंट्यांनी केला. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा प्रदेश डोळ्यांपुढे आणा. मिसिसिपी राज्यात अशा ८२ काउंट्या आहेत. लोकवस्ती मात्र विरळ. २०२० च्या शिरगणतीत लीची वस्ती सुमारे ८३ हजार होती, पॉन्टोटॉकची ३१ हजार आणि युनियनची २८ हजार. प्रत्येक काउंटीला लोकांनी निवडून दिलेले मंडळ असते. रस्ते, पूल, तुरुंग अशी कामे ते पाहते. जमीनजुमला, इमारती, कारखाने यांवर जो मालमत्ता कर बसतो, तो तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार. शाळांचाही बराचसा खर्च या करातूनच भागतो. म्हणजे कारखाना हद्दीच्या आत शंभर पावलांवर उभा राहिला तर शाळेला पैसा, आणि हद्दीबाहेर शंभर पावलांवर उभा राहिला तर शेजाऱ्याच्या शाळेला! आपल्याकडे कारखान्याची घरपट्टी ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत तो असतो तिलाच मिळते आणि पलीकडच्या गावाच्या वाट्याला धूर तेवढा येतो, तशातलाच हा प्रकार.

आता थोडे मागे जाऊ. ली काउंटीचे मुख्य गाव ट्यूपेलो. हा सगळा मुलूख कापसाचा. जमीन धुपलेली, बोंडांना सोंड्या किडा लागलेला, आणि पैसा हाती यायचा तो वर्षातून एकदाच, कापूस विकला म्हणजे. १९३४ साली टेनेसी खोऱ्याच्या सरकारी प्रकल्पाची वीज घेणारे ट्यूपेलो हे पहिले शहर ठरले खरे, पण विजेचा दिवा लागला म्हणून दारिद्र्य हटले नाही. १९३६ च्या एप्रिलमध्ये तर तेथे असे चक्रीवादळ झाले की, दोनशेवर माणसे दगावली.

याच गावात जॉर्ज मॅक्लीन नावाच्या तरुणाने १९३४ साली दिवाळे निघालेले एक वर्तमानपत्र विकत घेतले. १९३७ साली गावच्या कापड गिरणीत संप झाला. मॅक्लीनने कामगारांची बाजू घेतली आणि व्यापाऱ्यांनी त्याच्या पत्रावर बहिष्कार घातला. एवढे झाल्यावर एखादा रुसून बसला असता. याने पुढे त्याच व्यापाऱ्यांची दारे ठोठावली आणि भूतदयेचा नव्हे, तर व्यवहाराचाच मुद्दा त्यांच्यापुढे मांडला. तो असा, की भोवतालच्या शेतकऱ्याच्या खिशात पैसा नसेल तर तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येणार कोठून? दुकान चालवायचे असेल तर आधी शेतकऱ्याच्या गोठ्याकडे पाहा.

आणि खरोखरच सुरुवात गोठ्यापासून झाली. अमेरिकेत सहकारी पायावर कृत्रिम रेतनाचे काम सुरू झाले ते १९३८ साली, न्यू जर्सीत. म्हणजे ही विद्या त्या देशातही तेव्हा नवीनच होती. ट्यूपेलोच्या व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घालून चांगल्या दुधाळ वंशाच्या वळूंची आणि त्या कामातल्या जाणत्या माणसाची सोय केली. गरीब शेतकऱ्याच्या दारी दोन-तीन गाई असायच्याच. त्यांच्या कालवडी अधिक दूध देऊ लागल्या. कापसाचा पैसा वर्षाने, दुधाचा दर आठवड्याला! आठवड्याचा पैसा घरी येऊ लागला म्हणजे बाईमाणसाच्या हातीही चार पैसे राहतात, मुलाला बूट मिळतात, आणि ते बूट ट्यूपेलोच्याच दुकानातून येतात. व्यापाऱ्यांचे पैसे वसूल झाले ते या वाटेने. आपल्याकडे दूध संस्थांचा कारभार पाहिलेल्या मंडळींना हे वेगळे समजावून द्यायला नको.

पुढे खेडोपाडी ग्रामविकासाची मंडळे निघाली आणि १९४८ साली गावातल्या व्यापारी मंडळींनी एक विकास प्रतिष्ठान उभारले. त्याच वर्षी शेजारच्या युनियन काउंटीत, न्यू ऑल्बनी या गावी, मॉरिस फ्युटोरियन या उद्योजकाने गादीच्या खुर्च्या आणि कोच बनवण्याचा कारखाना काढला. एकेका कारागिराने आख्खा कोच घडवावा ही जुनी रीत. याने कामाचे तुकडे पाडले आणि शेतावरून आलेल्या माणसाला थोड्या दिवसांत शिकता येईल असे एकेक काम हाती दिले. तेथे शिकलेल्यांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले आणि बघता बघता पॉन्टोटॉक, ली आणि आसपासच्या काउंट्यांत कोचांचा धंदा पसरला. माणसे राहायला एका काउंटीत, कामाला दुसरीत आणि बाजारहाटाला तिसरीत, असे होऊन गेले. लोकांच्या लेखी हद्द अशी उरलीच नव्हती. ती उरली होती कराच्या वहीत.

पण या धंद्यालाही उतरती कळा लागली. २००० नंतर चीनमधून शिवून आलेली कापडे आणि तयार सामान स्वस्तात मिळू लागले, आणि कित्येकांची कामे गेली. नवा मोठा उद्योग आणायचा तर एकेकट्या काउंटीला ते झेपणारे नव्हते. दोन हजार कामगार लागणारा कारखानदार केवळ जमीन पाहत नाही. भोवतीच्या पंचवीस-तीस मैलांत कामाला येतील अशी माणसे किती, शाळा कशा, रेल्वे आणि हमरस्ता किती जवळ, हे सगळे तो पाहतो. अठ्ठावीस हजारांच्या वस्तीची काउंटी त्याला एकटी काय दाखवणार?

तेव्हा या तिघींनी एकत्र यायचे ठरवले. त्यांना एकत्र बसण्याची थोडी सवय होतीच. १९६५ साली अमेरिकन सरकारने ॲपालेशियन डोंगराळ प्रदेशाच्या विकासासाठी आयोग नेमला होता. मिसिसिपीचा हा कोपरा १९६७ साली त्यात आला, आणि काउंट्याकाउंट्यांचे मिळून नियोजन करणारी मंडळे या भागात स्थापन झाली. अशाच एका मंडळाचे कार्यालय पॉन्टोटॉक गावी आहे. तिन्ही काउंट्यांची जुळवाजुळव तेथून झाली. राज्याच्या कायद्यानेही काउंट्यांना एकत्र येऊन खर्च आणि कर वाटून घेण्याची मुभा दिली होती. या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिघींचा संघ उभा राहिला आणि तिघींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘पी. यू. एल.’

आता खरी मेख येथे आहे, नीट ध्यानात घ्या. त्यांनी जागा निवडली सुमारे १,७०० एकरांची, ब्लू स्प्रिंग्ज गावापाशी, हमरस्त्याला आणि रेल्वेला लागून. जागा युनियन काउंटीत, पण उरलेल्या दोघींच्या हद्दी तेथून हाकेच्या अंतरावर. जमीनमालकांशी बोलून, ठरल्या मुदतीत ठरल्या किमतीला जमीन घेण्याचा हक्क आधीच लिहून घेतला. आणि कारखाना कोणता, कोणाचा, येणार की नाही, यातले काहीही माहीत नसताना तिघींनी करार केला की, जागेचा खर्च तिघींनी सोसायचा आणि तेथून जे कराचे उत्पन्न येईल तेही तिघींनी वाटून घ्यायचे.

आधी करार, मग कारखाना, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. भावाभावांत वाटणीपत्र व्हायचे तर ते विहिरीला पाणी लागण्यापूर्वी व्हावे. पाणी लागल्यावर ज्याच्या वाट्याला विहीर आली त्याला पाळीपाळीने मोट चालवायची बुद्धी होत नाही. लीसारख्या मोठ्या काउंटीने, म्हणजे वस्तीने इतर दोघींच्या बेरजेहूनही मोठ्या काउंटीने, शेजारणीच्या हद्दीतल्या जागेसाठी पैसा ओतला, तो या करारावर विसंबून.

२७ फेब्रुवारी २००७ रोजी टोयोटा कंपनीने जाहीर केले की, मोटारींचा नवा कारखाना ब्लू स्प्रिंग्जला निघेल. सुमारे दोन हजार माणसांना काम आणि एक अब्ज तीस कोटी डॉलरांचे भांडवल. टेनेसीतले चॅटनूगा आणि आर्कान्सातले मॅरियन ही गावे स्पर्धेत होती, ती मागे पडली. शिवाय कंपनीने तिन्ही काउंट्यांच्या शाळांसाठी दहा वर्षांत पाच कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. एका काउंटीच्या नव्हे, तिन्ही काउंट्यांच्या शाळांसाठी! शिक्षक बंधुभगिनींनी याची विशेष नोंद घ्यावी. तो निधी सांभाळण्याचे काम जिच्याकडे आले ती संस्था मॅक्लीन पतिपत्नींनी १९७२ साली स्थापिलेली होती. मॅक्लीन स्वतः १९८३ सालीच वारला. वळू आणले त्या माणसाच्या पुण्याईवर मोटारीही आल्या, असे म्हटले तर अर्थशास्त्रज्ञ हसतील, पण ते अगदीच खोटे ठरणार नाही.

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण २००८ साली जगभर मंदी आली. कोणती मोटार बनवायची यात आधीच एक बदल झाला होता. डिसेंबर २००८ मध्ये कंपनीने कामच बेमुदत थांबवले. इमारत उभी, आत यंत्र नाही. ज्यांनी नोकरीच्या आशेने बेत केले होते त्यांची काय अवस्था झाली असेल! दीड वर्ष असे गेले. जून २०१० मध्ये काम पुन्हा हाती घेतल्याची घोषणा झाली आणि २०११ च्या अखेरीस तेथून कोरोला मोटारी बाहेर पडू लागल्या. एखाद्या लहान काउंटीने हा डाव एकटीने मांडला असता, तर ते दीड वर्ष तिला किती जड गेले असते याचा विचार करा. ओझे तिघींच्या खांद्यावर होते म्हणून तग धरता आला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारखाना यावा म्हणून राज्याने २९ कोटी डॉलरांहून अधिक सवलती मंजूर केल्या. हा पैसा कोणाचा? साऱ्या राज्याच्या करदात्यांचा. काउंटीकाउंटीतली चढाओढ मिटली, पण राज्याराज्यांतली मिटली नाही. ती चालूच आहे आणि तिचा लाभ कंपन्यांना होतो. मागे पडलेल्या चॅटनूगाला पुढच्याच वर्षी दुसऱ्या मोटार कंपनीचा कारखाना मिळाला, तोही अशाच सवलती देऊन. माझ्या मते हा त्या पद्धतीतला मोठा दोष आहे.

आपल्याकडचे लोक विचारतील की, याचा आम्हांला काय उपयोग? आपल्याकडे मोटारींचे कारखाने गावोगाव यायचे नाहीत, हे खरेच. पण अनेक गावांची मिळून नळपाणी योजना आपल्या माहितीची आहे. टाकी एका गावी, विहीर दुसऱ्या गावी, आणि विजेचे बिल कोणी भरायचे यावर वाद तिसऱ्या गावी. शेवटच्या टोकाच्या गावाला पाणी पोचत नाही म्हणून ते पट्टी देत नाही, आणि पट्टी येत नाही म्हणून पंप बंद! अशा ठिकाणी पहिली नळी टाकण्याआधी कोणाचा वाटा किती आणि पाणी पोचले नाही तर पट्टी किती माफ, हे लिहून ठेवलेले असते का, ते आपापल्या गावी विचारून पाहा.

त्या तिघींनी तरी सगळेच कोठे वाटून घेतले आहे? मिसिसिपीत शहराच्या हद्दीत जो विक्रीकर गोळा होतो, त्यातला साडेअठरा टक्के भाग राज्य त्या शहराला परत देते. ट्यूपेलोत १९९० साली मोठे बाजारसंकुल निघाले. पॉन्टोटॉक आणि युनियन काउंट्यांतली माणसे मोटारीत बसून तेथे जातात, कापडचोपड घेतात, मुलांना खाऊ घेतात. त्या खरेदीवरच्या कराचा परत येणारा भाग ट्यूपेलोच्या तिजोरीत पडतो. ब्लू स्प्रिंग्जच्या कारखान्यापुरता करार झाला, तेथला पैसा तिघींचा. बाजाराबद्दल कोणी काही लिहिले नाही. तेथला पैसा अजून ज्याचा त्याचाच आहे.