विजेच्या तडाख्याने बंद पडलेला सर्व्हर

शाळा, पतपेढी, दवाखाना, कोठेही गेले तरी आज एका कोपऱ्यात, बहुधा जुन्या टेबलाखाली, एक काळी पेटी अहोरात्र गुणगुणत असते. तिला सर्व्हर म्हणतात. रचनेने तो एक संगणकच. इतर संगणक आपापले काम करतात आणि हा सर्वांची दप्तरे सांभाळतो, एवढाच फरक. त्यामुळे तो बंद पडला की सारी कचेरी हातावर हात ठेवून बसते. अशा वेळी काय करावे आणि विशेषतः काय करू नये, हे आम्ही एका प्रसंगातून शिकलो.

सन २०२३ च्या मे महिन्यातील गोष्ट. बेळगावचा वळीव सर्वांच्या परिचयाचा आहे. दुपारी चारच्या सुमारास वाऱ्याने एक फांदी रस्त्यावरील तारांवर कोसळली. शाळेच्या कचेरीतील दिवे एकाएकी लखलखले, पंखे भलत्याच वेगाने फिरू लागले आणि जळका वास येऊन सर्व शांत झाले. तासाभराने वीज आली, पण सर्व्हर काही उठेना. त्यात चौदा वर्षांतील विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, गुण आणि शाळा सोडल्याचे दाखले होते. पंधरवड्यात शाळा उघडणार होती, म्हणजे दाखल्यांसाठी पालकांची रांग लागण्याचे दिवस. मी विज्ञान शिकवतो, म्हणून विजेची प्रत्येक तक्रार माझ्याकडे येते. मी पोहोचलो तेव्हा आमचे कारकून सर्व्हरचे बटण दाबीत होते, पुन्हा दाबीत होते. "बघूया की सर, एकदा लागलं तर लागलं!" मी प्रथम त्यांचा हात धरला. आतील एखादा भाग जळून दोन तारा एकमेकींस चिकटल्यासारख्या झाल्या असतील, तर बटणाच्या प्रत्येक दाबासरशी त्या जखमेत पुन्हा वीज ओतली जाते.

झाले काय होते, ते आधी पाहू. रस्त्यावरील तारांत तीन फेज आणि एक न्यूट्रल असते. आपल्या घरात त्यांतील एक फेज व न्यूट्रल येतात आणि त्या दोहोंमधील दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. दोन फेजांमधील दाब मात्र सुमारे ४०० व्होल्ट. न्यूट्रलची तार तुटली, की निराळ्या फेजांवरील घरे नकळत एकापुढे एक जोडली जातात आणि तो मोठा दाब आपसांत वाटून घेतात. ही वाटणी समान नसते. ज्या बाजूस उपकरणे कमी चालू असतील, तिच्या वाट्याला दाब अधिक येतो. सुट्टीमुळे शाळेत दोन-चार दिवे आणि पंखेच चालू होते. शेजारच्या घरांतून फ्रिज, कूलर सर्व चालू. म्हणून आमचे दिवे लखलखले आणि शेजाऱ्यांचे मंदावले. काही दिवे भडक व काही मंद, ही न्यूट्रल तुटल्याची खूण आहे. ती दिसताच आधी मेन स्विच बंद करावा, चौकशी मागाहून. आकाशातील विजेचा झटका याहून निराळा. तो निमिषात येऊन जातो आणि विजेच्या तारेनेच येतो असेही नाही. इंटरनेटची तांब्याची तारही त्याला चालते.

आम्ही सर्व्हरला जोडलेली प्रत्येक तार काढली: विजेची, पडद्याची, नेटवर्कची, छपाईयंत्राची. भिंतीतील सॉकेट मल्टिमीटरने तपासले. फेज व न्यूट्रल यांत २३० च्या आसपास आकडा दिसावा, आणि न्यूट्रल व अर्थ यांत दोन-चार व्होल्टांहून अधिक नसावा. मग यूपीएसला टेबललॅम्प लावून पाहिला. कित्येकदा मेलेला असतो यूपीएस आणि दोष येतो सर्व्हरवर. आमचा यूपीएस मेलाच होता, पण तो एकटा गेला नव्हता.

'सर्व्हर सुरू होत नाही' ही तक्रार तीन तऱ्हेची असते. पेटीत काहीच हालचाल नाही, ही पहिली. पंखे फिरतात पण पडदा काळाच, ही दुसरी. पडद्यावर अक्षरे येतात पण पुढे काम सरकत नाही, ही तिसरी. दुसरीबद्दल थोडक्यात सांगतो. रॅमच्या पट्ट्या काढून एकच पट्टी नीट बसवून पाहावी, जादा कार्डे काढावीत आणि यंत्राच्या शिट्ट्या मोजाव्यात. कोणत्या शिट्ट्यांचा काय अर्थ, ते यंत्राच्या माहितीपुस्तकात दिलेले असते.

पहिल्या तऱ्हेत संशय पॉवर सप्लायवर घ्यावा. भिंतीतील विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टांचे स्थिर पुरवठे तो तयार करतो, आणि वाढलेला दाब प्रथम तोच अंगावर घेतो. त्याच्या तोंडाशी बहुधा व्हॅरिस्टर नावाची चकती असते. दाब मर्यादेबाहेर गेला की ती विजेला आडवाट करून देते, फ्यूज उडतो आणि पुढचे यंत्र पुष्कळदा वाचते. काही पॉवर सप्लाय मात्र जळत नाहीत, झटका बसताच स्वतःला कुलूप घालून घेतात. विजेची तार काढून, सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे व दहा मिनिटे थांबावे. कुलूप असेल तर बहुधा निघते. फुकटचा उपाय आहे, आधी करून पाहावा. पॉवर सप्लाय उघडण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडू नये. तार काढल्यावरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट शिल्लक असू शकतात.

आमच्या सर्व्हरची लक्षणे थोडी निराळी होती. मदरबोर्डवरील लहान हिरवा दिवा जळत होता. बटण दाबताच पंखा पाव फेरा घेई आणि थांबे. म्हणजे पॉवर सप्लाय जिवंत होता, पण पुढे कोठेतरी शॉर्ट आहे हे ओळखून माघार घेत होता. अशा वेळी एकेक भाग सोडवीत जावे. सोडवण्यापूर्वी प्रत्येक डिस्कवर आणि तिच्या तारेवर शाईने आकडा लिहावा, कारण दप्तर अनेक डिस्कांवर विभागून ठेवलेले असेल तर त्यांचा क्रम बिघडवून चालत नाही. आमच्या दोन्ही डिस्का सोडवल्या आणि पंखे फिरू लागले! बारा व्होल्टांची तार मोजली, ११.४ ते १२.६ पर्यंत चालते, आमची १२.१ भरली. तरीही त्या पॉवर सप्लायच्या स्वाधीन डिस्का करण्यास मन धजेना. तडाखा खाल्लेला पॉवर सप्लाय आज बरोबर आकडा दाखवील आणि उद्या दगा देईल. तीन हजारांची वस्तू पुन्हा विकत मिळते, चौदा वर्षांचे दप्तर मिळत नाही. नवा बसवला. पहिली डिस्क जोडली, ठीक. दुसरी जोडताच पुन्हा सारे थांबले. म्हणजे दोष त्या डिस्कचा.

डिस्कच्या हिरव्या पट्टीवर विजेच्या प्रवेशाशी पुष्कळदा एक चिमुकला डायोड असतो. दाब वाढला की तो स्वतः शॉर्ट होऊन आतील भाग वाचवतो. पहारेकऱ्याने दारात आडवे पडावे तसे. अशा डिस्कवरील माहिती पुष्कळदा शाबूत असते. पण तसलीच दुसरी पट्टी आणून बसवली की झाले, असे नाही. अनेक डिस्कांच्या पट्टीवरील चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मोजमापे नोंदलेली असतात. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

आमचे नशीब एवढे, की दोन्ही डिस्कांवर एकच दप्तर उतरत असे, आरशातील प्रतिबिंबासारखे. एक गेली तरी दुसरी पुरे. पण पहिलीवर सर्व्हर सुरू केला, तर पडद्यावर संदेश आला की सुरू करण्याजोगी डिस्कच नाही! ही आमची तिसरी तऱ्हा. फोनवर एका तंत्रज्ञाने तत्काळ निदान केले: "हीसुद्धा गेली. फॉरमॅट करून नवी सिस्टिम टाकू, तासात चालू." त्याचे ऐकले असते तर सर्व्हर खरोखरच तासात चालू झाला असता, रिकामा.

मी पडद्यावरील तारीख पाहिली. १ जानेवारी २००९. म्हणजे मदरबोर्ड आपल्या सर्व नोंदी विसरून कारखान्यातून निघाला त्या स्थितीत गेला होता, आणि डिस्का जोडीने वाचाव्यात ही नोंदही त्याबरोबर पुसली गेली होती. तरी ती दुरुस्त करण्याआधी पहिली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली आणि तिच्यावर एक अक्षरही न लिहिता तिची अक्षरशः प्रत नव्या डिस्कवर घेतली. एक टेराबाइटला साडेतीन तास लागले. डिस्क तपासून दुरुस्त करणारे प्रोग्रॅमही तिच्यावर लिहितातच. प्रत हाती येईपर्यंत ते चालवू नयेत. मग मदरबोर्डवरील तीन व्होल्टांची नाण्याएवढी बॅटरी बदलली, नोंद पूर्ववत केली, आणि रात्री अकराला सर्व्हर उठला. जोडीतील एक डिस्क नाही, अशी तक्रार करीत, पण उठला. नवी डिस्क जोडताना कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर नक्कल होणार, हे मी कारकुनांकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतले. उलटे झाले तर कोरी पाटी भरलेल्या पाटीवर उतरते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. बॅकअपची डिस्क आमच्याकडे होती, पण वर्षभर ती त्याच सर्व्हरला जोडलेली. तीही त्याच क्षणी गेली. आता ती शनिवारी दोन तास कपाटातून बाहेर येते आणि परत कुलपात जाते. मेन स्विचजवळ आम्ही दाब वाढताच वीज तोडणारे उपकरण बसवले. बाजारातील 'सर्ज' पट्ट्या आकाशातील विजेच्या निमिषभराच्या झटक्यापुरत्या असतात, आणि त्यांतील पुष्कळशा अर्थ नीट असेल तरच उपयोगी पडतात. न्यूट्रल तुटून मिनिटभर दाब चढून राहिला तर त्या स्वतःच जळतात. कचेरीतील आमची पट्टी तशीच जळाली होती. जळका वास आला तो तिचाच.