डिबगरला एकदाच शिकवा, रोजचा वेळ वाचवा

सॉफ्टवेअरचा छोटा व्यवसाय सुरू करताय? मग एक हिशोब आधीच पक्का करा. चूक शोधण्यात गेलेल्या तासांचे पैसे ग्राहक सहसा देत नाही. ते तुमच्याच खिशातून जातात.

सी किंवा सी प्लस प्लसमधल्या प्रोग्रामची चूक शोधायला जीडीबी नावाचा डिबगर फुकट मिळतो. चालू प्रोग्राम तो हव्या त्या ओळीवर थांबवतो आणि आतले आकडे दाखवतो. २००९ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून त्यात पायथनची सोय आहे. म्हणजे काय, तर डिबगरला तुम्ही तुमचं काम शिकवू शकता.

समजा, तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये हजारात एखादंच बिल चुकतंय. प्रत्येक बिलावर थांबून बघत बसलात तर अख्खा दिवस गेला! त्यापेक्षा पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहा: वस्तूंची बेरीज आणि एकूण रक्कम जुळली तर पुढे जा, नाही जुळली तरच थांब. प्रोग्राम थोडा हळू चालेल, पण पहारा डिबगर देईल.

खरी कमाई पुढेच आहे. अनुभवी माणूस काम सोडून गेला की त्याची युक्तीही जाते. स्क्रिप्ट मात्र प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच राहते. नवीन मुलगा ‘सोर्स’ कमांड देऊन ती पहिल्याच दिवशी वापरू शकतो.

आज एवढंच करा: जी तपासणी तुम्ही पुन्हा पुन्हा हाताने करता, त्यातली एक निवडा आणि तिची स्क्रिप्ट लिहायला घ्या.