वॉशिंग मशीनचा गडगडाट आणि शेजारधर्म

एकत्र कुटुंबाच्या घरात वॉशिंग मशीन दिवसातून एकदा तरी चालतेच. कपडे धुतले जात असताना त्याची फारशी चाहूल लागत नाही. परंतु पिळण्याची फेरी सुरू झाली की गडगडाट होतो, मांडणीवरची भांडी थरथरतात आणि खालच्या मजल्यावर सामायिकास बसलेल्या वृद्धांचे चित्त विचलित होते. पहिले काही दिवस शेजारी बोलत नाहीत. पुढे जिन्यात भेट झाली तरी नजर चुकवली जाते. एका यंत्रापायी वर्षानुवर्षांचा घरोबा पणाला लागतो. वस्तुतः या आवाजाची पुष्कळशी कारणे बिनखर्चाने दूर होण्यासारखी असतात.

पहिले कारण कपड्यांच्या भाराचे. फ्रंट लोड मशीनचा ड्रम पिळताना साधारणपणे मिनिटाला १००० ते १४०० फेरे घेतो. मध्यापासून २५ सेंटिमीटर अंतरावर अर्धा किलो ओले कापड एका बाजूस गोळा झाले, तर १२०० फेऱ्यांच्या वेगाला त्याची ओढ सुमारे २०० किलो वजनाइतकी होते. म्हणूनच एकटी चादर किंवा जाड पायपुसणे धुवायला टाकले की मशीन जागचे हलते. लहान-मोठे कपडे मिसळून टाकावेत, ड्रम ठासून भरू नये. पिळण्याचा वेग १२०० वरून ८०० वर आणला तर ही ओढ निम्म्याहून कमी होते. कपडे वाळण्यास थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण गणले आहे. यंत्र निर्जीव असल्याने तो अतिचार तेथे लागू नाही. तथापि त्याच्यावर लादलेल्या भाराचा उपद्रव अखेर शेजारच्या जिवांनाच पोहोचतो.

दुसरे कारण बैठकीचे. मशीनच्या विरुद्ध कोपऱ्यांवर आळीपाळीने हात दाबून पाहावा. ते डुगडुगत असेल तर पाणसळ ठेवून पाय वर-खाली करावेत आणि त्यांवरील नट घट्ट आवळावेत. ड्राय बाल्कनीतील फरशीला उतार असतो. तेथे ही काळजी विशेष घ्यावी. चाकांचा स्टँड सरकवण्यास सोयीचा, पण थरथर वाढवणारा. मशीन नवे असेल अथवा नुकतेच घर बदलले असेल, तर मागील बाजूचे वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे. ते तसेच राहिले तर ड्रम जखडलेला राहतो आणि सर्व धक्के थेट जमिनीत उतरतात.

तिसरे कारण खिशातील वस्तूंचे. दुकानातून आलेल्या सदऱ्यांत नाणी, टाचण्या, किल्ल्या राहून जातात. खणखण असा तुटक आवाज आला तर मशीनचे बटण बंद करून आणि प्लग काढून, पाणी निवल्यावर, खालच्या बाजूचा फिल्टर उघडून पाहावा.

एवढे करूनही वेगाबरोबर चढत जाणारी घरघर उरली, तर संशय बेअरिंगवर जातो. प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवावा. खरखर जाणवली किंवा ड्रमची वरची कड उचलताना ती सैल लागली, तर मेकॅनिकला बोलावणे टाळू नये. पाणी अडवणारे सील झिजले की बेअरिंगला गंज चढतो. दिरंगाई केल्यास शेजारचे भागही निकामी होतात. थकलेल्या उधारीप्रमाणेच हा दोषही वेळेवर न निपटल्यास वाढतच जातो.

येथे निर्णय हिशेबाने घ्यावा. प्रथम वॉरंटी पाहावी, मग लेखी अंदाजपत्रक मागावे. काही मशीनमध्ये बाहेरचा टब सांधून बंद केलेला असतो. त्यांत बेअरिंग स्वतंत्रपणे बदलता येत नाही आणि खर्च वाढतो. समजा, ६००० रुपयांच्या दुरुस्तीने मशीन आणखी चार वर्षे चालणार असेल, तर वार्षिक खर्च १५०० रुपये पडतो. ३०,००० रुपयांचे नवे मशीन दहा वर्षे चालेल असे धरले, तर तो ३००० रुपये होतो. अशा वेळी दुरुस्तीच हिताची, आणि परिग्रहही वाढत नाही. मात्र वर्षभरातच पुन्हा खर्च निघेल अशी चिन्हे असतील, तर जुन्याचा मोह सोडावा.

दुरुस्ती होईपर्यंत वेळेचे भान तरी राखता येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा मानला आहे. त्या वेळेत मशीन लावू नये. सामायिक ४८ मिनिटांचे असते. शेजाऱ्यांच्या सामायिकाची व प्रतिक्रमणाची वेळ विचारून घ्यावी आणि तेवढा अवधी मशीन थांबवावे. यंत्र सुधारण्यास आठवडा लागेल. ही विचारपूस आजच करता येते.