एकट्याची होडी, अनेकांचे हात

हडपसरच्या गाडीतळावर बसची वाट पाहताना एकटेपण म्हणजे काय, हे आठवतही नाही. चारी बाजूंना माणसेच माणसे! आता दक्षिण हिंदी महासागर डोळ्यांसमोर आणा. ऑस्ट्रेलियाचे पर्थ शहर तेथून साडेतीन हजार किलोमीटर दूर. तिथे २१ सप्टेंबर २०१८ रोजी नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी एका छोट्या शिडाच्या होडीत एकटेच होते.

ही 'गोल्डन ग्लोब' शर्यत. अट अशी, की १९६८ च्या पहिल्या शर्यतीतल्यासारखी साधने वापरायची. वाट सूर्य-तारे पाहून शोधायची. पहिली शर्यत पूर्ण करणारे एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची 'सुहैली' मुंबईत बांधलेली. तिच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली टॉमींची होडी म्हणजे 'तुरिया'.

वादळाने ती होडी उलटवली. डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, उठताही येईना. मग माणूस वाचतो कसा?

पहिली गोष्ट, होडी सोडायची नाही. अशा होडीच्या तळाशी जड वजन असते, म्हणून ती उलटली तरी पुन्हा सरळ होते. शिवाय खवळलेल्या पाण्यात होडी विमानातून दिसते, माणसाचे डोके दिसत नाही. दुसरी गोष्ट, आपण संकटात आहोत हे वेळेवर कळवायचे. टॉमींनी उपग्रहामार्फत छोटा निरोप पाठवला. होडी कुठे आहे, हे आयोजकांना उपग्रहावरून कळतच होते. भारतीय नौदलाच्या विमानाने 'तुरिया' हेरली आणि २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या 'ओसिरिस' या गस्तीनौकेने टॉमींना उचलले. तीन दिवस त्यांनी होडीतच पडून काढले.

त्याआधी २००९-१० मध्ये कॅप्टन दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली होती. म्हणजे एकट्याच्या सफरीमागेही सुतारापासून वैमानिकापर्यंत किती हात असतात!

टॉमींच्या मणक्याला धातूच्या पट्ट्यांचा आधार द्यावा लागला. तरी पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. धाडस तर हवेच; पण मदत मागण्यात कमीपणा नाही, हे समुद्र शिकवतो. गाडीतळावरच्या गर्दीतही ते लक्षात ठेवायला हरकत नाही.