ब्राउनसी बेटावरचें पहिलें बालवीर पथक

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यांत, पूल नांवाचें बंदर आहे. त्या बंदराच्या विस्तीर्ण खाडींत ब्राउनसी हें झाडीनें भरलेलें एक लहानसें बेट आहे. १९०७ सालच्या ऑगस्टच्या आरंभीं येथें वीसएक मुलें तंबू ठोकून आठवडाभर राहिलीं. पुढें देशोदेशीं जीं बालवीर पथकें निघालीं, त्यांचें मूळ या मुक्कामांत आहे.

मुलांना घेऊन येणारे गृहस्थ सेनापति बेडन पॉवेल. त्या वेळीं त्यांचें वय पन्नास होतें. दक्षिण आफ्रिकेंत माफेकिंगचा वेढा २१७ दिवस सोसून त्यांनीं नांव मिळविलें होतें. त्या वेढ्यांत गांवांतील पोरांचें एक पथक निरोप पोंचविण्याचें काम करीत असे, तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. शिपायांसाठीं त्यांनीं लिहिलेलें टेहळणीचें पुस्तक मायदेशीं शाळामास्तर मुलांना शिकवूं लागले, तेव्हां मुलांसाठींच वेगळें कांहीं रचावें असें त्यांनीं ठरविलें. मात्र पुस्तक छापण्यापूर्वीं तें प्रत्यक्ष करून पाहावें, हा त्यांचा शहाणपणा. पुष्कळ शिक्षणपंडितांना एवढें सुचत नाहीं.

या प्रयोगांतील खरें धाडस तंबूचें नव्हतें, मुलांच्या निवडीचें होतें. कांहीं मुलें ईटन, हॅरो यांसारख्या श्रीमंतांच्या विद्यालयांतील होतीं. बाकीचीं पूल व बोर्नमथ येथील बॉइज ब्रिगेडमधून आलेलीं, श्रमजीवी घरांतलीं. वर्गणीसुद्धां ऐपतीप्रमाणें : विद्यालयाच्या मुलास एक पौंड, तर गांवच्या मुलास साडेतीन शिलिंग. त्या काळच्या इंग्लंडांत या दोन थरांतील मुलांची एका पंगतीस बसण्याची वेळ क्वचितच येई. त्यांच्या बोलण्याची ढबसुद्धां निराळी असे. बेडन पॉवेल यांनीं त्यांचे चार संघ पाडले, ते मात्र दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांत मिसळून. लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू नांवाचा पाणपक्षी, अशीं संघांचीं नांवें. प्रत्येकाच्या खांद्यावर आपापल्या संघाच्या रंगाची फीत.

प्रत्येक संघाचा नायक मुलांपैकींच एक. ही गोष्ट आज साधी वाटते, पण तींतच या पद्धतीचें मर्म आहे. मोठ्यांनीं नायकाला काम सांगावयाचें. तें आपल्या संघाकडून कसें करवून घ्यावयाचें, हें त्यानें पाहावयाचें. शाळेंतल्या मॉनिटरप्रमाणें चुगली सांगणें हें त्याचें काम नव्हे. सकाळीं कुडू नांवाच्या आफ्रिकी हरणाचें शिंग फुंकलें जाई. बेडन पॉवेल यांनीं तें माताबेले लोकांवरील स्वारींतून आणिलेलें होतें. त्यानंतर व्यायाम, प्रार्थना, मग माग काढणें, गांठी मारणें, नकाशा ओळखणें, बुडत्याला वांचविणें असे धडे. रात्रीं शेकोटीभोंवतीं गोष्टी. पण मुलांच्या खऱ्या आवडीची गोष्ट म्हणजे रात्रीचा पहारा. पाळीपाळीनें एकेक संघ पीठ व मांस घेऊन रानांत जाई, स्वतः रांधी आणि पहारेकरी ठेवून उघड्यावर निजे. इतर मंडळी अंधारांत चोरपावलांनीं त्यांच्यावर टेहळणी करण्यास येत. अशा वेळीं शेजारचा पहारेकरी कोणाच्या घरचा, यापेक्षां तो जागा आहे कीं नाहीं, हेंच महत्त्वाचें.

लांडगा संघाचा तरुण नायक पुढें सैन्यांत गेला व १९१४ सालीं महायुद्धांत पडला.

१९०८ सालीं 'स्काउटिंग फॉर बॉइज' हें पुस्तक पंधरवड्यास एक याप्रमाणें सहा भागांत निघालें. त्यांत आरंभींच मुलांपुढें आदर्श म्हणून कोण ठेविला आहे? किपलिंगच्या कादंबरींतील, लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला किम! हें ध्यानांत घेतलें म्हणजे पुढील हकीकत अधिकच बोचते. १९०९ सालीं बंगळूर येथें हिंदुस्थानांतील पहिलें पथक निघालें, पण तें केवळ युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठीं. ही विद्या भारतीय मुलांच्या हातीं पडली तर ती सरकारवरच उलटेल, अशी अधिकाऱ्यांस भीति होती. ब्राउनसीवर श्रीमंत-गरिबांतली भिंत पाडणारी पद्धति येथें वर्णाच्या भिंतीशीं येऊन थबकली.

मग येथील लोकांनीं आपलीं पथकें आपणच उभारलीं. मध्यप्रांतांत व्हिव्हियन बोस यांनीं हें काम हातीं घेतलें. हेच बोस पुढें १९४९ सालीं नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. मद्रासेस ॲनी बेझंट व जॉर्ज ॲरंडेल यांनीं भारतीय मुलांसाठीं निराळी संस्था काढली. तींतील मुलें साहेबी टोपीऐवजीं फेटा बांधीत. प्रयागास १९१८ सालीं पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांच्या पाठबळानें श्रीराम वाजपेयी यांनीं सेवासमितीचे बालवीर तयार केले. जत्रेंतील गर्दीची व्यवस्था, हरवलेलीं मुलें आईबापांच्या हवालीं करणें, असलीं कामें कोणाच्या परवान्याची वाट न पाहतां होऊं लागलीं, तेव्हां दरवाजा फार दिवस बंद ठेवणें कठीणच होतें. १९२१ सालीं बेडन पॉवेल स्वतः हिंदुस्थानांत आले व बेझंटबाईंची संस्था मूळ संघटनेंत सामील झाली. सेवासमितीचे बालवीर मात्र वेगळेच राहिले. सर्वांचें एकत्र नांदणें स्वराज्य आल्यावर, ७ नोव्हेंबर १९५० रोजीं 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' या संस्थेच्या स्थापनेनें घडलें.

ब्राउनसीच्या मुक्कामास १ ऑगस्ट २००७ रोजीं शंभर वर्षें झालीं. त्या सकाळीं नाना देशांचे, नाना वर्णांचे बालवीर त्याच बेटावर जमले होते आणि त्यांच्यापुढें कुडूचें शिंग पुन्हां फुंकण्यांत आलें.