मासा घरात येतो, तळं बाहेरच राहतं

जपानच्या निइगाता प्रांतात यामाकोशी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांमध्ये मातीची तळी आहेत आणि उन्हाळाभर त्यांत रंगीत कोई मासे वाढतात. ऑक्टोबर उजाडला की तळ्यांचं पाणी सोडून देतात. छातीपर्यंतचे रबरी पोशाख चढवलेली माणसं गाळात उतरून जाळं ओढतात आणि हाती लागलेले मासे गावातल्या छपराखालच्या हौदांत हलवतात. कामाला घाई असते, कारण हिवाळ्यात इथे तीन-चार मीटर बर्फ साचतो आणि मग वरच्या तळ्यांकडे जायची वाटच उरत नाही.

ही रीत जुनी आहे. बर्फाने जगापासून तुटणाऱ्या या खेड्यांत हिवाळ्यात खायला म्हणून काळपट कार्प पाळत आणि थंडीच्या तोंडावर ते घरालगतच्या लहान तळ्यांत आणून ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांत मधूनच एखादं लालसर किंवा पांढरट पिल्लू निपजू लागलं. ते कुणीतरी खाण्याऐवजी राखलं, आणि पुढच्या निवडीतून आजचे लाल-पांढरे-काळे कोई घडले. १९१४ साली तोक्योच्या प्रदर्शनात ते मांडले गेले, तेव्हा कुठे उरलेल्या जपानला त्यांची ओळख झाली. २०१७ पासून कोई हा निइगाताचा अधिकृत शोभेचा मासा आहे.

मासा थंडीने मरू नये म्हणून त्याला आत आणतात, असं आपण सहज धरून चालतो. पण कार्पच्या कुळाला थंडीची सवय आहे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं, त्यामुळे खोल तळ्यावर बर्फाचा पापुद्रा धरला तरी तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी टिकतं आणि मासा तिथे निपचित पडून हिवाळा काढू शकतो. गार पाण्यात प्राणवायूही जास्त विरघळतो. २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, तर शून्य अंशाला १४.६ मिलिग्रॅम. अडचण येते ती तळं उथळ असलं आणि वर बर्फाचं जाड झाकण बसलं की. उजेड अडतो, शेवाळाचं प्राणवायू बनवणं थांबतं, गाळातलं कुजणं मात्र चालूच राहतं आणि साठलेला प्राणवायू हळूहळू संपतो.

कोईच्या नात्यातल्या गोल्डफिशने आणि युरोपातल्या क्रूशियन कार्पने यावर विलक्षण तोड काढली आहे. प्राणवायू संपला की बहुतेक प्राण्यांच्या शरीरात लॅक्टिक आम्ल साचून जीव जातो. हे मासे त्याचं अल्कोहोल करतात आणि कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतात. बर्फाखालच्या क्रूशियन कार्पच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळतं. त्यामागची रेणवीय यंत्रणा २०१७ मध्ये ऑस्लो आणि लिव्हरपूल विद्यापीठांतल्या संशोधकांनी उलगडली: जनुकांच्या जादा प्रती तयार झाल्या होत्या आणि त्यांनी कालांतराने हे नवं काम अंगावर घेतलं. क्रूशियन कार्प असे कित्येक महिने काढतो. कोईला ते झेपत नाही, म्हणून कडक हिवाळ्याच्या मुलखात उथळ तळ्यातला कोई आत आणावा लागतो.

आणि इथून खरी जोखीम सुरू होते. मासा आत येतो, तळं येत नाही. हजारो लिटर पाणी, गाळ, शेवाळ, दगडांवरचा बुळबुळीत थर, हे सगळं मिळून माशाची घाण निस्तरत असतं. हौदात यातलं काहीच नसतं आणि ते काम पाळणाऱ्यावर येतं.

मासा नायट्रोजनयुक्त कचरा मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांमधून टाकतो. ढोबळ हिशेब मांडून पाहा. ३५ टक्के प्रथिनं असलेलं १ किलो खाद्य खाल्लं की सुमारे ३२ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतो. १,००० लिटरच्या हौदात रोज ५० ग्रॅम खाद्य टाकलं तर लिटरमागे रोज १.६ मिलिग्रॅमची भर पडते. त्यातला सगळाच अमोनिया विषारी नसतो. पाणी २० अंशांना असून पीएच ७ असेल, तर विषारी रूपाचा वाटा जेमतेम ०.४ टक्के असतो. पीएच ८ झाला की तो ४ टक्क्यांवर जातो. म्हणजे तोच हौद, तेवढंच खाद्य आणि दहापट विष. पाणी काचेसारखं नितळ दिसत असतानाही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, ते यामुळे. नितळपणावर विसंबू नये, दहा-बारा थेंबांची अमोनिया चाचणी जवळ बाळगावी, असं मी आग्रहाने सांगेन.

अमोनियाचा निकाल लावतात ते जीवाणू. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. पुढे शंभराहून जास्त वर्षं ही कामं दोन निरनिराळ्या गटांचीच, असं शास्त्र मानत आलं. २०१५ मध्ये नायट्रोस्पायरा कुळातले काही जीवाणू सापडले, जे दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात. फिल्टर म्हणजे या जीवाणूंना राहायला दिलेली जागा. नव्या फिल्टरमध्ये त्यांची वस्ती बसायला उबदार पाण्यातही चार ते सहा आठवडे लागतात, गार पाण्यात त्याहून जास्त. म्हणून मासे आत आणायच्या दिवशी नवा फिल्टर सुरू करणं व्यर्थ आहे. बाहेरच्या तळ्याच्या फिल्टरमधला स्पंज किंवा जाळीचे तुकडे सप्टेंबरमध्येच आतल्या फिल्टरमध्ये टाकून तो चालू ठेवावा. तो स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नये, क्लोरीनने सगळी वस्ती मरते. हौदात भरायचं पाणीही आधी क्लोरीनमुक्त करून घ्यावं.

जीवाणूंना त्यांच्या कामाचा मोबदलाही द्यावा लागतो. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवताना ते साडेचार ग्रॅमहून जास्त प्राणवायू वापरतात आणि पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, म्हणजे क्षारता, सुमारे ७ ग्रॅमने घटवतात. वरच्या हौदात लिटरमागे १०० मिलिग्रॅम क्षारता असेल आणि पाणी बदललंच नाही, तर नऊ-दहा दिवसांत ती संपते. मग पीएच धाडकन खाली येतो आणि खुद्द जीवाणूच काम थांबवतात. थोडं थोडं पाणी बदलत राहणं आणि गरज पडली तर मोजून खायचा सोडा घालणं, हा त्यावरचा साधा इलाज आहे. मधल्या काळात नायट्राइट वाढलं तर खडेमीठ कामी येतं. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं. मिठातलं क्लोराइड त्याच वाटेने आत जातं, त्यामुळे नायट्राइटची वाट अडते. १,००० लिटरला १ ते ३ किलो मीठ पुरतं.

तापमानाकडे आता येऊ. बाहेरच्या १० अंशांच्या पाण्यातला मासा आतल्या २२ अंशांत सोडला तर त्याच्या पेशींची तारांबळ उडते. थंडीत खोबरेल गोठतं आणि शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं, तसाच फरक पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांत असतो. थंडी वाढत जाते तसं कार्पचं शरीर गोठू न पाहणारी, असंतृप्त स्निग्धं वाढवतं. त्यासाठी लागणारी एन्झाइमं सज्ज व्हायला काही दिवस जातात. म्हणून दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त बदल करू नये. कार्पला जठर नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं आणि थंडीत तिथेच रेंगाळतं. १० अंशांखाली खाऊ घालू नये, हा नियम त्यातून आला.

माझं मत स्पष्ट आहे: एकतर हौद गार आणि स्थिर ठेवा, खाणं बंद, नाहीतर १८ ते २० अंशांपर्यंत तापवून नीट खाऊ घाला. मधल्या अंशांवर रोज वरखाली होणारं पाणी सर्वांत वाईट. कार्पच्या शरीरात नवी प्रतिपिंडं बनण्याचं काम साधारण १४ अंशांखाली मंदावतं, तर अनेक जीवाणू आणि परजीवी त्याहून गार पाण्यातही जागे असतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरवणारा परजीवी उबदार पाण्यात आठवड्याच्या आत आपलं जीवनचक्र पुरं करतो, १० अंशांना त्यालाच कित्येक आठवडे लागतात. कोई हर्पिस विषाणूचा रोग प्रामुख्याने १६ ते २८ अंशांदरम्यान उफाळतो. १९९८ मध्ये त्याच्या साथी प्रथम लक्षात आल्या, २००३ मध्ये जपानच्या कासुमिगाउरा सरोवरातले पाळीव कार्प त्याने मोठ्या प्रमाणावर मेले. बाहेर थंडीने दबून राहिलेला असा विषाणू आतल्या उबेत डोकं वर काढू शकतो. वेगवेगळ्या तळ्यांतले मासे एका हौदात मिसळू नयेत, ते याच कारणाने.

भारतात कटला-रोहू तळ्याबाहेर काढून छपराखाली नेण्याची गरज पडत नाही. पण थंडी आणि रोग यांची सांगड आपल्याकडेही आहे. १९८८ मध्ये ईशान्य भारतातून शिरलेला व्रणांचा रोग पाणी गार होतं त्या महिन्यांतच जोर धरतो. थंडीत खाद्य कमी करावं, उगाच जाळं ओढून मासे खरचटवू नयेत, ही काळजी शेततळ्यातही घेतली पाहिजे.

हौदाच्या वर जाळी हवीच. नव्या जागी बावरलेला कोई उडी मारतो आणि सकाळी जमिनीवर सापडतो. रंग टिकवायचा तर खाद्यात स्पिरुलिनासारखं शेवाळ हवं, कारण लाल रंगाची कॅरोटिनॉइड द्रव्यं मासा स्वतः बनवू शकत नाही. ती मातीच्या तळ्यात शेवाळातून आणि किड्यांतून मिळत असतात. आणि वीज गेली तर हवा चालू ठेवणारा बॅटरीचा पंपही जवळ असावा. २३ ऑक्टोबर २००४ च्या संध्याकाळी यामाकोशीला ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवलं. तळ्यांचे बांध फुटले, वीज गेली, हौदांचे पंप थांबले आणि असंख्य मासे मेले. सुमारे २,२०० वस्तीचं अख्खं गाव हलवावं लागलं. वाचलेले काही कोई हेलिकॉप्टरने बाहेर काढले. पुढे माणसं परतली, बांध पुन्हा घातले गेले.

यामाकोशीत मासे वरच्या तळ्यांत परत जातात ते मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये. बागेतलं तळं असेल तर बाहेरचं पाणी रात्रीही १५ अंशांखाली उतरत नाही, याची खात्री करून घ्यावी. हौदाचं पाणी हळूहळू त्या तापमानावर आणावं. मासे बाहेर सोडताना आतल्या फिल्टरमधला स्पंजही तळ्याच्या फिल्टरमध्ये हलवावा, कारण तिथले जीवाणू हिवाळ्यात मंदावलेले असतात. पहिले दोन-तीन आठवडे खाद्य निम्मं ठेवावं आणि अमोनिया रोज मोजावा.